ओठ तेवढे राहिलेत

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. उलट काही गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहिताना हात थांबतो.

रात्र नव्हती. एकोणीसशे सदतीस सालचा मार्गशीर्ष. भर दुपार. निपाणीतलं माझ्या वडिलांचं दोन खोल्यांचं घर, मागे तंबाखूची वखार.

माझे वडील, परशराम मास्तर, शाळेत चित्रकला शिकवत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी माझ्या मुलीचं, सात वर्षांच्या नीलाचं, चित्र काढायला घेतलं. आम्ही बेळगावला परतलो तेव्हा ते अपुरंच होतं. नंतर त्यांचं पत्र आलं.

"ओठ तेवढे राहिलेत. नीलाला चार दिवस घेऊन ये. तिचा एक दिवस केवढा मोठा असतो! माझा तर ब्रश धुता धुता संपतो."

मी लिहिलं, दिवाळीनंतर येते. मला वाटलं, दिवाळी काय, आलीच.

आप्पा दिवाळीच्या आठ दिवस आधी गेले.

दीड महिन्याने मी नीलाला घेऊन घर आवरायला आले. शेजारच्या गुणाबाई मदतीला होत्या. त्या दिवशी सकाळी नीलाचा पुढचा दात पडला.

"बोळकी म्हातारी झालीस की गं!" गुणाबाई हसल्या आणि त्यांनी तो दात कौलावर फेकला.

"नवा कधी येणार?" नीलाने विचारलं.

"येईल की पाडव्यापतूर."

"इतके दिवस?" नीलाचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी मी चुलीवर दूध ठेवलं. नीला आप्पांच्या खोलीत गेली.

"आई, इकडे ये ना!"

"आले गं. एवढं दूध तापू दे."

आतून आवाज आला... टिण्.

मग पुन्हा... टिण्. टिण्.

ब्रश धुऊन झाला की आप्पा तो पत्र्याच्या डब्याच्या कडेवर तीनदा आपटायचे.

मला वाटलं, नीला खेळतेय.

मग वखारीतल्या बायकांचं बोलणं थांबलं. कावळे थांबले. चुलीत लाकडं जळत होती, पण त्यांचाही आवाज येईना...

"नीला?"



दूध अजून वर आलं नव्हतं. ते तसंच टाकून मी धावले.

नीला खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. मला पाहून ती पळत आली नाही.

"आत्ता आलीस?" ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "किती दिवस बसलेय मी."

ती उठून उभी राहिली. सकाळी तिचा परकर घोट्यांना टेकत होता.

आता तो पोटरीवर आला होता.

आणि तोंडात...

पुढचा दात होता. पुरता आलेला.

मी गुणाबाईंना हाक मारली. त्यांनी नीलाचं तोंड उजेडाकडे वळवलं, दाताला बोट लावून पाहिलं.

"आक्का, सकाळी मीच फेकला न्हवं कौलावर?"

मी मान हलवली. त्या पदर तोंडाशी धरून निघून गेल्या. पुन्हा आमचा उंबरा त्यांनी चढला नाही.

स्टुलासमोरच्या चित्रातले ओठ पूर्ण झाले होते. किंचित उघडे, हसरे. मध्ये नवा दात.

मी बोट लावलं... रंग ओला होता.

नीलाच्या शेजारी चित्रात मोकळी जागा होती. सकाळी मी धूळ पुसली तेव्हा तिथे काही नव्हतं. आता कोळशाच्या रेघा होत्या. बसलेली एक बाई. तिला चेहरा नव्हता.

पण ते बसणं माझं होतं.

संध्याकाळी मी नीलाला जवळ घेतलं. "आप्पा काय बोलायचे गं?"

"तुझीच वाट बघायचे. मी रोज सांगायचे, आई 'आले' म्हणाली म्हणून."

रोज.

आप्पांच्या अखेरच्या दिवसांतला एकही दिवस मला मिळाला नाही. माझ्या मुलीने त्यांच्याजवळ महिने काढले, माझं दूध तापायच्या आत. मला तिचा हेवा वाटला. हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्या स्टुलावर मी बसले तर? नीलाचे तिथे महिने गेले आणि बाहेर घटकाही झाली नाही. आप्पांनी पत्रात लिहिलं तसं, माझ्या वयाला कदाचित उलटं होईल. मी क्षणभर टेकेन आणि उठून बाहेर येईन, तेव्हा माझी मुलगी किती वर्षांची असेल?

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून आम्ही बेळगावला परतलो. चित्र आतच राहिलं. जाळायला हात झाला नाही.

नीलाला आई हवी आहे तोवर ते दार उघडायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं. ते उघडायचा दिवस फार लांब वाटला होता.

यंदा वैशाखात तिचं लग्न आहे. सगळे म्हणतात, मधे दहा वर्षं गेली.

मला ती गेल्यासारखी वाटतच नाहीत...