छातीचा फोटो

माझं सदर का बंद झालं, असं लोक अजून विचारतात. वेळ मिळत नाही म्हणून मी विषय टाळते. तुम्ही मात्र खनपटीलाच बसलात, तर ऐका. फक्त तो दिवा तेवढा राहू द्या.

मी अपघात विभागातली डॉक्टर. रविवारच्या पुरवणीत माझ्या कामाबद्दल लिहायची. कुणी नाकात शेंगदाणा घातला, कुणी भांडणात दुसऱ्याचा कान चावला, असलं काहीबाही. लोक आवडीनं वाचायचे. आमच्या वॉर्डातले मामा तर पेशंटला दमच द्यायचे, "नीट वागा, नाहीतर मॅडम पेपरात घालतील!"

त्या दुपारी ओपीडी आटोपून मी पुढचा लेख लिहायला बसले होते. बाहेरचा हॉल रिकामा झाला होता. ओल्या फरशीचा आणि फिनेलचा वास येत होता. दार उघडलं. आत आलेल्या माणसानं हात मागे नेऊन कडी लावली.

मी त्याला लगेच ओळखलं. गॅरेजवाला. काही आठवड्यांपूर्वी यानंच आपल्या बायकोला उचलून आणलं होतं. "जिन्यावरून पडली," म्हणाला होता. जिन्यावरून पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण जिना कुणाचा गळा आवळत नाही.

त्याला बाहेर काढल्यावर तिनं माझी बाही ओढली होती.

"पेपरात... तुम्हीच लिहिता ना?"

मी मान हलवली.

"मी वाचते. यांना आवडत नाही, तरी वाचते." श्वासागणिक तिच्या ओठांवर रक्ताचे बुडबुडे येत होते. "माझं लिहाल? जसं झालं तसं... पडली म्हणून नका लिहू."

ऑपरेशनच्या टेबलावर घेईपर्यंत ती गेली.

पोलिसांना मी सगळं सांगितलं. पण शेजाऱ्यांनी जिन्याचीच साक्ष दिली आणि तो मोकळा सुटला. मग मी लिहिलं. नाव नाही, पत्ता नाही. तिच्या अंगावर काय काय झालं होतं तेवढंच, ज्या क्रमानं झालं असावं त्या क्रमानं. आधी करंगळी मोडली. मग ओठ फाटला, दात पडला. मग डावीकडच्या बरगड्या. आणि शेवटी गळा.

तोच लेख त्यानं आता माझ्या टेबलावर आपटला. त्याच्यावर एक जाड लोखंडी पाना ठेवला.

"हे कुणाबद्दल आहे?"

"नाव नाहीये त्यात."

"नावाची गरज काय? सगळी गल्ली माझ्याकडे बघून कुजबुजतेय." त्याचा आवाज अगदी शांत होता. "खोटं लिहिलं होतं म्हणून लिही. आत्ता. माझ्यासमोर."

"नाही लिहिणार."

पाना माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू आला. मी खुर्चीसकट कोलमडले, भिंतीशी जाऊन पडले. वर पाहिलं तर पाना पुन्हा उचललेला होता, या खेपेला डोक्याच्या रोखानं.

तो खाली आलाच नाही.

त्याची करंगळी पान्यावरून सुटली आणि मागे वळायला लागली. सावकाश, कुणीतरी चिमटीत धरून वळवावी तशी. मग कट् झालं. पाना फरशीवर पडला. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"कोण..." एवढंच म्हणाला.

त्याचं तोंड फाडकन एका बाजूला फिरलं. ओठ चिरला. एक दात उडून माझ्या गुडघ्यापाशी आला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

आता पुढे काय, ते मला कळलं. वाक्यं माझीच होती.

"बरगड्या!" मी ओरडले. "भिंतीला पाठ लावा! अहो, भिंतीला..."

उपयोग झाला नाही. समोरून लाथ बसावी तसा त्याचा शर्ट आत दबला. पुन्हा दबला. वाळक्या काटक्या मोडाव्यात तशा बरगड्या मोडत होत्या, आणि मला एकेक ऐकू येत होती. तो चारी हातापायांवर आला. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

"सोड... ए, सोड ना... ऐक माझं..."

हे तो माझ्याशी बोलत नव्हता. घरात बोलतात त्या आवाजात बोलत होता.

मग त्याच्या गळ्यावर खळगे पडले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. मी सरपटत त्याच्यापर्यंत गेले. धड असलेल्या हातानं त्याच्या गळ्यापाशी चाचपलं. हाताला काहीच लागलं नाही, नुसता गारठा.

"अगं, बास कर," मी म्हणाले. "मरेल तो... अगं, मी लिहिलंय ना तुझं."

हात थांबला. सुटला नाही, थांबला.

तेवढ्यात मामांनी दार फोडलं.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाल्यानं मला बोलावून घेतलं. गॅरेजवाल्याच्या छातीचा फोटो उजेडावर लावला. मोडक्या बरगड्या दिसत होत्या. आणि त्यांच्या आतल्या बाजूनं, त्यांना धरून, बोटांची हाडं.

"फिल्म खराब असेल," मी म्हणाले.

"परत परत काढला, मॅडम."

नंतरच्या फोटोत तो हात वर सरकून मानेजवळ आला होता.

गॅरेजवाला माझ्यापुढे हात जोडायचा. "मॅडम, पडली म्हणून लिहा ना. ती ऐकेल तुमचं."

"मी आता काहीच लिहिणार नाही," मी सांगितलं. माझं लिहिलेलं कुठवर पोचतं ते मी पाहिलं होतं. "तुम्हीच पोलिसांना खरं सांगा."

त्यानं सांगितलं. कसं मारलं, कसा गळा आवळला, सगळं. मग शेजाऱ्यांनाही वाचा फुटली. त्यानंतरच्या फोटोत तो हात नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच एक्स-रेवाल्यानं फोटोवर पेन्सिल टेकवली. हृदयाच्या सावलीपाशी आणखी एक मूठ होती. इवलीशी, तान्ह्या बाळाची असावी तशी. मनगटाची हाडंसुद्धा अजून तयार न झालेली.

मी वॉर्डात गेले. पोलीस दाराशी बसला होता.

"तुम्हाला मूलबाळ?" मी गॅरेजवाल्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता तो तुरुंगाच्या दवाखान्यात असतो. तिथल्या सिस्टर माझ्या ओळखीच्या आहेत. त्या सांगतात, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. नुसता पडून असतो आणि स्वतःची छाती थोपटत राहतो, हळूहळू, अंगाई म्हणताना थोपटतात तशी. मधेच डोळा लागतो, हात थांबतो, की किंचाळत उठतो, आणि घाईघाईनं पुन्हा थोपटायला लागतो.