निकाल लागल्यास पाणी किती

किनारा न्यायाधिकरणात उधाणगणक नावाचं यंत्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, कारण टेबलावर फायलींनी जागा सोडली नव्हती. शेजारी त्याच्या निर्मात्या डॉ. वासंती घैसास उभ्या होत्या. शपथ दोघांपैकी कोणी घ्यायची, यावर सकाळचा पाऊण तास गेला होता.

खटला अकरा वर्षांचा. मांडवकोंडच्या खाडीकाठी एका बिल्डरला ‘सागरनगरी’ ही वसाहत बांधायला परवानगी मिळाली, तेव्हा समुद्र चढतो आहे हे परवानगीत कुठेच नव्हतं. हरकूबाई तांडेल यांनी तिला आव्हान दिलं. त्यांचं घर त्याच जागेच्या मागे होतं. न्यायाधिकरणाने ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि मग तारखा दिल्या.

“डॉक्टर, हे यंत्र नेमकं काय करतं?” न्यायमूर्ती इनामदारांनी विचारलं.

“कोणत्या साली गावात किती पाणी शिरेल ते सांगतं. वारा, गाळ, झाडं, सगळं धरून. माणसं काय करतील तेही धरतं. अर्ज, परवानग्या, कोर्टाचे आदेश.”

“आमचेसुद्धा?”

“पाणी सगळ्यात जास्त तुमच्यामुळेच हलतं, साहेब.”

न्यायमूर्तींनी चष्मा पुसला. “निकाल बिल्डरच्या बाजूने लागला तर?”

“खाडीकाठची तिवरांची झाडं तोडली जातील. २०६१ साली हरकूबाईंच्या छपराला पाणी.”

“आणि हरकूबाईंच्या बाजूने?”

डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा वाचला. “२०६३.”

हरकूबाई उठल्याच. “म्हंजे अकरा वर्सं मी दोन वर्सांसाठी झगडले?”

“बसा बाई. डॉक्टर, असं कसं?”

“निकाल लागला की ‘जैसे थे’ संपतं. त्याच जागेसाठी आणखी चार प्रस्ताव रांगेत आहेत. नवी परवानगी नऊ महिन्यांत मिळते, नवी स्थगिती दोन वर्षांनी. मधल्या काळात कोयते चालतात.”

“निकाल लागलाच नाही तर?”

“शतकभर घरं कोरडी. अकरा वर्षं कोणी हात लावला नाही म्हणून तिथे तिवरं माजली आहेत. त्यांच्या मुळांत लाट मरते.”

अकरा वर्षांत सदतीस तारखा मागून घेतलेले बिल्डरचे वकील रेवणकर ताडकन उभे राहिले. “निकाल आजच द्यावा, साहेब! या विलंबाने माझ्या अशिलाची झोप उडाली आहे.”

“पुरावा पूर्ण झाला की निकाल मला द्यावाच लागतो,” न्यायमूर्ती खिन्नपणे म्हणाले. “कारणाशिवाय तारीख देता येत नाही.” ते बराच वेळ फाईल चाळत राहिले. एका पानाशी थांबले. “परवानगीत लिहिलं आहे, जागेवरील झाडे शून्य. खरी संख्या नोंदल्याशिवाय पुरावा पूर्ण कसा? डॉक्टर, एक कारकून महिन्याला किती तिवरं मोजेल?”

“चिखलात, फक्त ओहोटीला... दोनशे.”

“नवी उगवतात किती?”

“साडेतीनशे.”

“ड्रोनने मोजा!” रेवणकर ओरडले.

“झाडाखालची रोपं ड्रोनला दिसत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

न्यायमूर्ती लिहू लागले. “एक कारकून नेमला आहे. शेवटचं रोप मोजून झालं की निकाल.”

“ते कधी होईल, हे यंत्राला विचारावं!”

“यंत्राची साक्ष संपली आहे, रेवणकर.”

हरकूबाईंनी पदर सावरला. “सायब, डोळे मिटायच्या आत निकाल ऐकायचा हुता मला.”

“माफ करा, बाई. तो तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.”

“बरं.” त्या दारापाशी थांबल्या. “माझ्या नातीलाबी ऐकवू नका.”