किल्लीची मुदत

त्याच्या जॅकेटची चेन अर्ध्यात अडकली, म्हणून तो आमच्या शिवणघरात आला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आत्या गिऱ्हाईकाची मापं घेण्यात गुंतली होती आणि मी कॉम्प्युटरसमोर रडकुंडीला आले होते.

कपड्यांचे पॅटर्न मी कॉम्प्युटरवर आखते. मावसभावानं दिलेला लिनक्सवाला कॉम्प्युटर एरवी गुणी होता, पण अपडेट करायला गेलं की हातपाय गाळून बसायचा. स्क्रीनभर तक्रारी. आणि दारातला माणूस चक्क हसत होता.

“हसायला काय झालं?”

“हसत नाहीये...” तो म्हणाला आणि पुन्हा हसला. “इंटरनेटवर दिसेल तो सोर्स जोडलाय तुम्ही. सोर्स म्हणजे प्रोग्राम पुरवणारं दुकान. इथे एकाच वस्तूचे वेगवेगळे नग चार दुकानं पाठवताहेत. बिचाऱ्यानं घ्यायचा कुणाचा?”

“जास्त दुकानं असली तर बरंच की!”

“एका झग्याचा दोरा तुम्ही चार दुकानांतून आणता?”

“छे! रंगात फरक पडतो.”

“मग?”

मी उठून त्याला खुर्ची दिली. तो वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा, म्हणून आत्यानं त्याचं नाव ठेवलं ‘वरचा’. जॅकेट मला देऊन त्यानं नको ते सोर्स एकेक करून काढले. माझ्या पॅटर्नच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती कुठेच मिळेना, तेव्हा ती स्वतः तयार करून त्यानं आपल्याच एका छोट्या सोर्सवर ठेवली.

“आणि ही माझी किल्ली,” तो म्हणाला. “माल माझ्याकडूनच आलाय, वाटेत कुणी बदलला नाही, हे कॉम्प्युटर हिच्यावरून ओळखतो.”

मी चेनला नवा रनर घातला. जॅकेट देताना बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

काही आठवड्यांनी कॉम्प्युटर पुन्हा अडला. किल्लीची मुदत संपली होती. मी फोन केला, तो आला, नवी मुदत घातलेली किल्ली बसवली, चहा प्यायला. पुढेही तसंच. त्याच्या पुढेही. खोटं कशाला बोलू? मुदत संपली की मला बरं वाटायला लागलं होतं.

आत्याला मात्र नाही. “हा वरचा दुरुस्त करतो की बिघडवतो? ऐन कामाच्या वेळी सगळं ठप्प! सोमवारी दुसरा माणूस येतोय, सगळं पुसून नवं घालणारेय.”

सगळं पुसलं म्हणजे त्याचा सोर्स गेला, किल्ली गेली. मग तो कशाला येईल?

दुपारी मी बाकीच्या सोर्सच्या किल्ल्या तपासल्या. कुठलीच इतक्यात संपणारी नव्हती, सगळ्यांना वर्षांची मुदत. आठवड्यांची फक्त त्याची.

मग फोन करून त्याला बोलावलं आणि तो आल्यावर सरळ विचारलं, “सगळ्यांच्या किल्ल्या वर्षानुवर्षं चालतात. तुमचीच कशी नाशवंत?”

“सुरक्षेसाठी... म्हणजे—” त्याचे कान लाल झाले.

“खरं सांगा. आत्या सोमवारी सगळं पुसून घेणार आहे.”

कीबोर्डवरचे त्याचे हात थांबले. “लांबची मुदत दिली असती, तर तुम्ही मला बोलावलं असतं?”

आतल्या खोलीतलं आत्याचं मशीन एकदम गप्प झालं.

मला रागही आला आणि हसूही. “माझी कामं अडली त्यात! गिऱ्हाइकांची बोलणी मी खाल्ली.”

“चुकलं माझं.” मान खाली घालून तो म्हणाला. “एवढा विचारच केला नाही.”

“मुदत वाढवा. चांगली पाच वर्षं.”

त्यानं मुकाट्यानं वाढवली. अपडेट झालं. एकही तक्रार नाही. त्यानं जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

“आता काही अडायचं नाही तुमचं,” तो हळूच म्हणाला. “येतो मी...”

“उद्या ये.”

तो वळला. “उद्या? उद्या काय बिघडणारे?”

“काहीच नाही. मला आवडतोस तू, म्हणून ये.”

तो इतका हसला की मलाच खाली बघावं लागलं.

“तर मग सोमवारच्या माणसाला नको म्हणून कळवते,” आतून आत्या म्हणाली.