मोयनाकचा खारट चहा

"अहो, कोट इथे झटकू नका!"

पेरिझात ओरडली, पण व्हायचं ते होऊन गेलं. प्रयोगशाळेच्या दारातून आलेल्या तरुणाच्या कोटातली धूळ थेट तिच्या पाण्याच्या पात्रात पडली आणि यंत्रावरचा आकडा टुणकन वर उडाला.

"बघा, मी नुसता आलो तर आकडा वाढला," तो हसून म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही… मिठामुळे!" असं म्हणताना तिलाही हसू आलं.

त्याचं नाव दाऊलेत. आटलेल्या अराल समुद्राच्या काठी, मोयनाकला, तो ताटांमध्ये वाऱ्यावरची धूळ धरायचा. पेरिझातकडून नेलेल्या शुद्ध पाण्यानं ताटं धुऊन ते पाणी बाटल्यांत भरायचा आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नुकूसच्या या प्रयोगशाळेत आणायचा. पाण्यातून वीज जितकी सहज वाहते तितकं त्यात मीठ जास्त. पेरिझात आकडा घ्यायची, ठरलेल्या गुणकानं गुणायची, की धुळीतलं मीठ कळायचं.

मग तो गुरुवार फार उशिरा उजाडतोय असं तिला वाटू लागलं. तो यायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा.

"तुमचा चहा काय गोड लागतो हो! आमच्या विहिरीचं पाणीच खारट."

"मग मी नाही बाई येणार मोयनाकला!" ती सहज बोलून गेली.

तो पेला अर्धाच ठेवून उठला.

त्यानंतर दोन महिने बाटल्या बसच्या ड्रायव्हरबरोबर आल्या. बाटलीवरच्या त्याच्या अक्षरावरून ती बोट फिरवायची आणि स्वतःच्याच जिभेला शिव्या घालायची. त्यातच एक विचित्र गोष्ट झाली. दर खेपेला धूळ न धरलेल्या कोऱ्या ताटाच्या धुण्याचीही एक बाटली असायची, तिचा आकडा शून्याजवळ यायला हवा. तोही भलताच चढला.

"पोरी, धुण्याच्या पाण्यातच घोळ आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख उल्बोसिन अपा म्हणाल्या. "अजून एकदा असं झालं तर मोयनाकचं धूळ धरण्याचं केंद्र बंद."

केंद्र बंद म्हणजे बाटल्या बंद. आणि तो गावातल्या इतरांसारखा कामासाठी कझाकस्तानात निघून जाणार… पेरिझातनं सकाळची पहिली बस पकडली.

दाऊलेत अंगणात ताट धूत होता. विहिरीच्या पाण्यानं!

"आम्ही पाठवलेलं पाणी कुठे गेलं?" ती कडाडली.

त्यानं मान खाली घातली, तिला घरात नेलं. फळीवर शुद्ध पाण्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

"चहासाठी ठेवलंय," तो पुटपुटला. "कधी आलात तर… खारट नको म्हणून."

"अहो, पण मग आलात का नाहीत इतके दिवस?"

"काय तोंड घेऊन येणार? तुमचं पाणी चोरलं होतं."

इतके दिवस पेरिझात याच माणसासाठी झुरत होती, आणि हा वेडा तिच्यासाठी पाणी राखत बसला होता. तिनं एक बाटली उचलून त्याच्या हातात दिली.

"यापुढे ताटं यानंच धुवा. केंद्र बंद पडलं तर याद राखा."

"आणि चहा?"

"विहिरीच्या पाण्याचा टाका."

"अहो, तुम्हाला नाही आवडणार…"

"माहीत आहे," ती लाजून म्हणाली. "पण रोज तोच प्यायचा, तर सवय आजपासूनच करायला हवी ना?"