उवांची डॉक्टरीण

दीपगृहावरचा मेकॅनिक कोटात गुंडाळलेला समुद्रपक्षी घेऊन प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिथं ती एकटीच होती. वादळात पक्षी दीपगृहाच्या काचेवर आदळला होता. तिनं त्याच्या छातीवर बोटं टेकवली, थोडा वेळ तशीच राहिली, मग मान हलवली.

"मला उशीर झाला का?"

"नाही... वाटेत तुमच्या हातातच गेला असेल. तेवढी तरी ऊब मिळाली त्याला."

पक्ष्यांच्या अंगावरच्या उवा हाच तिच्या अभ्यासाचा विषय; ती पिसांतल्या उवा ब्रशनं काचपट्टीवर घेऊ लागली. आता हा जाईल, असं तिला वाटलं. उवा म्हटलं की लोक काढता पाय घेत. बघायला आलेली दोन स्थळं तशीच फिरली होती. वहिनी तर तिला 'उवांची डॉक्टरीण'च म्हणायची. हा मात्र स्टूल ओढून बसला.

"ही पंखातली," मायक्रोस्कोप त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली. "लांब, चपटी. पिसाच्या धाग्यांमधल्या फटीत पडून राहते, चोचीला सापडत नाही. ही डोक्यावरची— गोल, जबडा भक्कम."

"हिला लपायला नको?"

"पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचते का?"

"आई म्हणते, माझ्याही डोक्यापर्यंत काही पोचत नाही."

ती हसली. मग त्यानं हळूच विचारलं, "पक्षी गेल्यावर या कुठं जातात?"

"कुठंच नाही. दुसऱ्या जातीच्या पक्ष्यावर यांचा सहसा निभाव लागत नाही. पिसं गार झाली की..."

तिनं वाक्य सोडून दिलं. त्यानंही ते पुरं करायला लावलं नाही. तिला ते आवडलं.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी तिची खिडकी दुरुस्त कर, कधी दिव्याची वायर बदल. वहिनी म्हणाली, "तुमच्या प्रयोगशाळेत एवढं बिघडतं तरी काय?"

एका दुपारी मात्र तो आला आणि उभाच राहिला. लांबच्या बेटावर बदली झाली होती. तीन वर्षं.

"तिथं पक्ष्यांची मोठी वसाहत आहे," टोपी चुरगाळत तो म्हणाला. "तुमच्या कामाला... म्हणजे, खोल्या दोन आहेत. कोरड्या आहेत."

तिनं काचपट्टी खाली ठेवली. वडील गेल्यापासून ती दादाच्या घराबाहेर एक रात्रही राहिली नव्हती.

"मी येईन."

"पक्ष्यांसाठी?"

"पक्षी इथंही येतात."

त्यानं टोपी टेबलावर ठेवली. मग त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"दादांशी मी बोलू... की तुम्ही?"

"दोघं बोलू," ती म्हणाली.