तिसऱ्या बाटलीतली पानं

तिसरी टोपली पाण्यातून वर ओढेपर्यंत ढापणीच्या हातांतलं बळ सरलं होतं. तिचा धाकटा भाऊ बडबड्या काठावर बसून नुसत्या सूचना देत होता.

"डावीकडे ओढ. अगं, डावीकडे."

"मग तू ये ना."

"मी लक्ष ठेवतोय. कोणीतरी डोकंही वापरायला हवं."

ढापणीने एकटीनेच टोपली काठावर ओढून घेतली. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून दोघं या टोपल्यांच्याच मागे होती. मावशी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथं माणसं कमी आणि कामाचा डोंगर, त्यामुळे भाचरं आयती सापडली होती.

"पाणी वाहून जातं," मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आज त्यात काही मिसळलं तरी उद्या मागमूस राहत नाही. जलपर्णी मात्र एका जागी तरंगते आणि पाण्यातले जड धातू मुळांत साठवत जाते. तिला विचारलं की ती पंधरा दिवसांचं सांगते."

म्हणून कालव्यात तीन ठिकाणी जलपर्णीच्या टोपल्या बांधल्या होत्या: वरच्या पुलाशी, मधल्या बांधाशी आणि भांड्यांना मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या खाली. खालच्या जागी जायला पंच्याऐंशी पायऱ्या होत्या. उन्हात त्या चढताना बडबड्याचीसुद्धा बोलती बंद झाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मुळांचा अहवाल आला. तिसऱ्या टोपलीत क्रोमियम पहिलीच्या चाळीसपट होतं.

मावशीने चष्मा काढून डोळे चोळले. "माझंच काहीतरी चुकलं असणार. झाडं पहिल्यांदाच लावली. त्याच तीन जागांहून बाटल्यांत येणारं पाणी अकरा महिने स्वच्छ निघतंय, आजचंसुद्धा."

"आणि बाटल्या चुकत असतील तर?" ढापणीने विचारलं.

"तर खालच्या वस्तीतल्या शाळेची मुलं विष पितायत. त्यांची टाकी तिथूनच भरते." मावशी खुर्चीत आणखी खचली. "चार वाजता कचेरीतले साहेब पाणी स्वच्छ असल्याच्या महिन्याच्या दाखल्यावर सही घ्यायला येतील. पहिल्यावहिल्या प्रयोगाच्या जोरावर पाणी तोडता येत नाही गं."

घड्याळात सव्वातीन झाले होते. ढापणी सकाळी आलेल्या तीन बाटल्या उजेडात धरून पाहू लागली. तिसरीत तिळाएवढी हिरवी पानं तरंगत होती. अशीच बाकी दोन्हींत होती. वरच्या पुलाशी पाणी साचलेलं असतं, तिथं या पानांचा थरच्या थर असतो. पण कारखान्याच्या खाली? तिथं टोपली काढताना तिला एकही पान दिसलं नव्हतं.

तिने भावाला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. बडबड्याचे डोळे चमकले.

"हे माझ्यावर सोड. काकांशी गप्पा मारायला मला कारण लागत नाही."

बाटल्या भरून आणणारे नमुनेकाका बाहेरच्या बाकावर गुडघे चोळत बसले होते. बडबड्या त्यांच्याशेजारी टेकला. ढापणीने मावशीला हाताला धरून दाराशी आणलं.

"काका, खालच्या जागी पाण्यावर हिरवं असतं का हो? बारीक पानांचं?"

"असतं की. गच्च."

"आज सकाळीपण?"

"आजपण. हाताने बाजूला सारून बाटली भरली."

"पण काका, तिथं एकही पान नाहीये. आम्ही कालच पाहिलं."

काकांनी मान वर केली. दारात मावशी उभी होती.

"गुडघे गेलेत मॅडम," काका म्हणाले. "त्या पायऱ्या होत नाहीत. कालवा एकच, पाणी एकच, असं धरून चाललो. तिन्ही बाटल्या पुलावरच भरत होतो."

"सांगायचं होतं हो मला."

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं."

मावशी रागावेल असं ढापणीला वाटलं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. मावशी आत गेली आणि तिने शाळेत फोन लावला. एवढ्यात साहेब दाखला घेऊन आले. तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"मुख्याध्यापक का? टाकीचा नळ आत्ताच्या आत्ता बंद करा. पाण्यात क्रोमियम आहे. नाही, आजचं नाही. अकरा महिने दाखल्यावर सही माझी होती. एकदाही खाली जाऊन पाहिलं नाही, चूक माझी आहे." ती थांबली, पलीकडचं ऐकत राहिली. "हो. सगळ्याच मुलांना तपासावं लागेल."

फोन ठेवल्यावर साहेबांनी सगळी हकिकत ऐकली. कारखान्याचं पाणी थांबवायचा हुकूम त्यांनी तिथंच लिहिला आणि ते मुलांकडे वळले. "शाबास. आमच्या अख्ख्या कचेरीला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

बडबड्याची छाती फुगली. ढापणीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडू येत होतं.

"मावशी, आपल्याला उशीर झाला का गं?"

मावशीने तिला जवळ घेतलं. "झाला. पण चार वाजता मी सही करणार होते, पोरी. आणखी एक महिना ती मुलं तेच पाणी प्यायली असती."