काळवंडलेल्या अकरा ढेपा

लातूरला जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पाट्या नव्या लागल्या. नळ मात्र तालुक्याचेच राहिले, म्हणजे कोरडे. मुरुडच्या वाटेवर झाडं, बैल, बांध, सगळं उन्हात तरंगत होतं, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे शेषेरावाला नक्की सांगता येत नव्हतं. खासगी गुप्तहेर शिवमूर्तीचा तो सोबती. तपासात त्याचं काम मुख्यतः मान डोलावण्याचं.

"ढेपा बदलल्या," गुऱ्हाळाचे मालक साहेबराव म्हणाले. "सोन्यासारखा गूळ केला, जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनासाठी. पंधरा दिवस कुलपात होता. आज बघतो तर काळा. किल्ली एकट्या नरसिंगकडं. चोर हाय म्हणून गावासमोर सांगितलं मी. दुपारी पोलीस न्यायला येतील त्याला."

राखणदार नरसिंग उंबऱ्याशी बसला होता. "बदलायला दुसरा गूळ आणू कुठून, साहेब? औंदा ऊसच न्हाई कुणाकडं."

शेषेरावाने मान डोलावली. मघाशी मालकांच्या बोलण्यालाही डोलावली होती.

खोलीत अकरा ढेपा होत्या. साऱ्यांवर गुऱ्हाळातल्या एकाच चेपलेल्या बादलीचा आकार. झरोक्याकडच्या अंगाने जास्त काळ्या.

गूळ रांधणारा मडिवाळप्पा म्हणाला, "पाणी मचूळ, ऊस वाळका. मळी काढायला भेंडीचा चीक लागतो, तर भेंडीबी जळाली. तरी रंग असा आला, की मीच येडा झालो."

"काहिलीपाशी तूच होतास?" शिवमूर्तीने विचारलं.

"हाव. मधी मालकांनी चहाला धाडलं. परत आलो तर काडी ओढल्यावानी वास येऊन राहिला होता."

शिवमूर्ती साहेबरावांच्या लाल उपरण्यावरचे पांढरे पडलेले डाग बघत होता.

"जुनं झालं वाटतं," शेषेराव म्हणाला.

"छे, संक्रांतीला घेतलंय."

शिवमूर्तीने कोयता मागितला आणि एक ढेप फोडली. बाहेरून काळी, आतून हळदीसारखी पिवळी.

"नुसती साल बदलणारा चोर मी पाहिला नाही," तो म्हणाला. "ढेपा त्याच आहेत. यात हायड्रॉस आहे. रंगारी कापडाचा रंग उडवायला वापरतात ती पांढरी पूड. ती रंगाशी झोंबून त्याला बिनरंगी करते. पण गुळातला रंग मरत नाही, झोपतो. हवा लागली की जागा होतो. म्हणून झरोक्याकडची बाजू आधी काळी, आणि हवा न पोचलेला गाभा अजून झोपेत. काडीचा वास तिच्यातल्या गंधकाचा. आणि पूड घातल्यावर ओले हात कुणी कशाला पुसले, ते दिसतंच आहे."

साहेबरावांनी उपरणं खांद्यावरून काढलं, काय करावं न कळून पुन्हा ठेवलं.

"नव्या जिल्ह्याचा गूळ काळा कसा न्यायचा?" ते हळूच म्हणाले. "रंग टिकतो, म्हणला दुकानदार. मला खरंच चोरी वाटली हो."

शेषेराव मान डोलावायचं विसरला.

"बरं, झालं गेलं. नरसिंग, घे किल्ली." सकाळी काढून घेतलेली किल्ली साहेबरावांनी पुढे केली.

नरसिंगने हात पुढे केला नाही. "चोर म्हणलात ते गावासमोर, मालक. न्हाई म्हणायचं तेबी गावासमोरच. चला."

साहेबराव चपला शोधू लागले. त्या पायातच होत्या.